बक्षिसाआधी थोडा विचार

वसतिगृहातल्या मुलांसाठी बक्षीस निधी द्यावा, अशी आपल्यातल्या काहींची इच्छा आहे. गोष्टीचे एक पुस्तक वाचले की दहा रुपये, अशी सूचना आली आहे. देणाऱ्यांचे मन मोठे आहे. तरी मी या सूचनेच्या बाजूने नाही.

कारण सांगतो. अमेरिकेत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी केलेला एक प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. मुले तीन ते पाच वर्षांची, चित्रे काढायची मुळातच आवड असलेली. काहींना आधीच सांगितले, चित्र काढा, सोनेरी तारा आणि फीत लावलेले प्रमाणपत्र मिळेल. काहींना तेच प्रमाणपत्र न सांगता दिले. उरलेल्यांना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात स्केचपेन नुसतेच मांडून ठेवले. आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुले इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रे काढत बसली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र टिकली.

आपली मुले संध्याकाळी पुस्तकांच्या पेटीभोवती आपणहून गोळा होतात. त्यावर दर लावायचा? जिथे मुळीच गोडी नाही, तिथे सुरुवातीला लहानसे बक्षीस उपयोगी पडू शकते. पाढ्यांसाठी दिलेत तर माझी हरकत नाही. (खाऊला तर कधीच नाही!)

पेटीतली पुस्तके थोडी, आणि बहुतेक दोनदा वाचून झालेली. निधी तिकडे वळवावा, आणि मुलांच्या घरच्या बोलीतली पुस्तके मिळाली तर आधी ती घ्यावीत, एवढी विनंती करून मी खाली बसतो.