‘जिन’ : दोन अक्षरांचा शब्द
(सुवर्णमहोत्सवी सभेतील भाषण)



आपण नित्य उच्चारतो तो ‘जिन’ हा शब्द बाहेर निराळ्याच अर्थांनी भेटतो. वऱ्हाड-खानदेशात कापसातून सरकी वेगळी करण्याचा कारखाना म्हणजे जिन. तो इंग्रजी ‘एंजिन’चा संक्षेप. आम्हा कापडवाल्यांचे जीन इटलीतील जिनोआ बंदराच्या नावावरून आले. घोड्याचे जीन फारसी. अरबीतील जिन्न म्हणजे डोळ्यांना न दिसणारी योनी. त्याचा धातूच ‘झाकणे’ या अर्थाचा. ऱ्हस्व-दीर्घ सोडल्यास ध्वनी एक, कुळे मात्र भिन्न!

आपला शब्द संस्कृत ‘जि’ म्हणजे जिंकणे या धातूचा. पाली ग्रंथांत तो भगवान बुद्धांनाही लावलेला आहे, याचे काहींना नवल वाटते. वाटू नये. जिन हे कुणा एकाचे नाव नव्हे. राग-द्वेष जिंकलेल्या आत्म्याची ती अवस्था आहे. नवकार मंत्रातही व्यक्तीचे नाव नाही, ना ऋषभदेवांचे, ना महावीरांचे.

जिनांचा अनुयायी तो जैन. जनगणनेत ‘जैन’ अशी नोंद व्हावी, हा आपला आग्रह रास्तच; 2014 साली केंद्राने आपणांस अल्पसंख्याक म्हणून मान्यताही दिली. परंतु सध्या आपल्या मंडळात सर्वाधिक चर्चा आहे ती देणगीदारांच्या संगमरवरी पाटीवर कोणाचे नाव वर यावे, याची. त्या यादीतून माझे नाव वगळावे आणि रक्कम तेवढीच ठेवावी, ही विनंती कार्यवाहांनी नोंदवून घ्यावी.