शनिवार तेली आणि दोन देशांचे नाते



मंडळाने मला विषय दिला तो 'स्थलांतरित समाज, धर्म आणि परराष्ट्रसंबंध'. मी होमिओपॅथीचा डॉक्टर. परराष्ट्र खात्याशी माझा संबंध पासपोर्टापुरता. तेव्हा साऱ्या जगाचे न सांगता एकच उदाहरण घेतो, तेही मराठी: भारत, इस्रायल आणि आपले बेने इस्रायली.

तुमच्यापैकी ज्यांचे मूळ जुन्या कुलाबा जिल्ह्यातले आहे, त्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून 'शनिवार तेली' हा शब्द ऐकला असेल. तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवणारे, म्हणून हे नाव. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. आडनावे पाहा: किहीमकर, दिवेकर, एरुळकर, चेऊलकर. नवस फेडताना एलियाहू हनाबीच्या नावाने ते मलिदा करतात. पोहे, गूळ, ओले खोबरे. मुंबईतले पहिले सिनेगॉग १७९६ साली बांधले ते सॅम्युअल इझिकेल दिवेकरांनी. गांधीजींवर उपचार करणारे डॉ. अब्राहम एरुळकर याच समाजाचे. त्यांची कन्या लीला पुढे सायप्रसचे राष्ट्राध्यक्ष ग्लाफकोस क्लेरिडिस यांची पत्नी झाली. आमच्या व्यवसायातला माणूस म्हणून हे सांगायचा मोह आवरत नाही.

१९४८ साली इस्रायल स्थापन झाले आणि या समाजातले बहुसंख्य लोक हळूहळू तिकडे गेले. छळ झाला म्हणून नव्हे. इथे त्यांना कोणी त्रास दिला नव्हता. धर्माने बोलावले म्हणून गेले. आणि तिथे काय झाले? 'तुम्ही खरे ज्यू का?' असे तिथल्या धर्मपीठाने विचारले. लग्नाच्या वेळी पूर्वजांची चौकशी होऊ लागली. १९५१-५२ मध्ये काहींनी तेल अवीवला ठिय्या देऊन भारतात परत पाठवण्याची मागणी केली आणि शंभरावर माणसे खरोखरच मुंबईला परतली. बेने इस्रायली सर्वार्थाने ज्यू आहेत, असे इस्रायलच्या संसदेला १९६४ साली जाहीर करावे लागले. 'तुमचे मराठी जरा वेगळेच हो' हे वाक्य पुण्याला गेल्यावर ज्यांनी ऐकले आहे, त्यांना यातले थोडेसे कळेल.

अशा समाजाने दोन देशांची मैत्री घडवली, असे भाषणांतून सांगतात. मला ते पटत नाही. भारताने १९४७ साली संयुक्त राष्ट्रांत पॅलेस्टाइनच्या फाळणीविरुद्ध मत दिले, १७ सप्टेंबर १९५० रोजी इस्रायलला मान्यता दिली, पुढे मुंबईत त्यांची वकिलातही उघडली. पण पूर्ण संबंधांना १९९२ साल उजाडले. बेचाळीस वर्षे!

होमिओपॅथीत आम्ही रुग्णाला आधी विचारतो, त्रास कशाने वाढतो, कशाने कमी होतो. इथेही तसेच विचारू. गाडी अडवणाऱ्या गोष्टी होत्या पॅलेस्टिनींविषयीची सहानुभूती, भारतीय मुसलमानांच्या भावना, काश्मीरप्रश्नी अरब देशांचा पाठिंबा, तेल आणि पुढे आखातात गेलेली आपली माणसे. या शेवटच्या मुद्द्याला पुस्तकाची गरज नाही. आपल्या हैदराबादेत दवाखाना चालवणाऱ्या कोणालाही विचारा. मुलगा जेद्दाहला किंवा दम्मामला असलेले आईबाप रोज येतात. १९९० साली कुवेतवर संकट आले तेव्हा एक लाख सत्तर हजारांच्या आसपास भारतीयांना विमानाने आणावे लागले. एवढी माणसे जिथे राबतात, तिथल्या राजांना दुखवून चालत नाही.

मग सोव्हिएत संघ संपला. माद्रिदला अरब देश स्वतःच इस्रायलसमोर बसले. यासर अराफत दिल्लीला येऊन गेले आणि त्याच महिन्यात, २९ जानेवारी १९९२ रोजी, नरसिंह रावांनी निर्णय घेतला. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' तेलुगूत नेणारे हेच राव. तेव्हाचा दोन्ही देशांतला व्यापार बहुतेक हिऱ्यांचा. त्या धंद्यात आमचे पालनपुरी जैन पुष्कळ, म्हणजे तोही एक स्थलांतरित समाजच. पण त्याच्याविषयी भाषणे कोणी करत नाही.

बेने इस्रायलींचा वाटा नंतरचा. तिथे 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक निघाले, महाराष्ट्र दिन साजरा होतो. २०१७ साली पंतप्रधान तिथे गेले तेव्हा बोलायला समोर आपली माणसे होती. सैन्यात सक्तीची नोकरी केलेल्यांनाही ओसीआय कार्ड मिळेल, ही घोषणा त्याच सभेत झाली. नाते त्यांनी जोडले नाही, जोडलेल्या नात्याला घर दिले. आखाताचे वजनही कमी झालेले नाही. २०१८ साली एअर इंडियाचे विमान तेल अवीवला गेले ते सौदी अरेबियाच्या आकाशातून, त्यांच्या परवानगीने.

आता अवघड भाग. आपले लोक तिथे आहेत म्हणून गाझाविषयी गप्प बसावे, असे मला वाटत नाही. माझा धर्म मुंगीचाही हिशेब ठेवायला सांगतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मानवतावादी युद्धविरामाच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला आणि १२ डिसेंबरला युद्धबंदीच्या बाजूने मत दिले. मधल्या सहा आठवड्यांत अश्दोदमधली मराठी कुटुंबे भोंगा वाजला की आसऱ्याच्या खोलीत धावत होती, गाझात मुले मरत होती आणि माझ्या रुग्णांची मुले दम्मामला रोजच्यासारखी कामावर जात होती. दिल्लीत बसलेल्या अधिकाऱ्याच्या टेबलावर हे तिन्ही कागद एकाच वेळी आले असतील.