रब्बी बटाटा : लागवडीची तारीख थंडी पाहून ठरवा



चासकमान आणि खडकवासल्याच्या कालव्यांमुळे शिरूर-दौंड भागातील बऱ्याच रानांना रब्बीत पाणी मिळते. पण बटाट्याला पाण्याइतकीच थंडीही लागते आणि ती विकत मिळत नाही.

'पाला गुडघाभर, खाली मात्र सुपारीएवढे बटाटे,' अशी तक्रार उशिरा लावलेल्या रानातून येते. आपण खताला दोष देतो. बहुधा कारण उष्णतेचे असते. पानांत तयार झालेली साखर जमिनीतील पांढऱ्या फांद्यांच्या टोकाशी पिठाच्या रूपात साठते, तोच बटाटा. त्यासाठी रात्रीचे तापमान २० अंश सेल्सियसच्या खाली हवे. रात्री उबदार झाल्या की झाडाच्या श्वसनातच बरीच साखर खर्ची पडते आणि उरलेली पाल्याकडे वळते. सरासरी तापमान ३० अंशांच्या आसपास गेले की बटाटा पोसणे जवळजवळ थांबते. पांढऱ्या फांद्या फुगण्याऐवजी जमिनीवर येऊन त्यांना पाने फुटतात, तर धरलेले बटाटे वेडेवाकडे होतात.

लागवडीनंतर साधारण ३० ते ७५ दिवस हा बटाटे धरण्याचा व पोसण्याचा काळ. तो डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत यावा. म्हणून लागवड ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत उरकावी. ऑक्टोबरच्या तापलेल्या जमिनीत कापलेल्या फोडी सडतात. तेव्हा लवकर लावताना अंड्याएवढे अख्खे बेणे वापरावे. रान मोकळे व्हायला डिसेंबर उजाडला तर बटाट्याचा हट्ट सोडा. एकरी सहा ते आठ क्विंटल बेण्याचे पैसे धोक्यात घालण्यापेक्षा उन्हाळी कांदा बरा.

२००६ साली प्रसारित झालेली 'कुफ्री सूर्या' ही जात इतरांपेक्षा उष्णता अधिक सोसते. परंतु तिलाही रात्री साधारण २० अंशांपर्यंतच्या लागतात. मार्चच्या उन्हावर तो इलाज नव्हे.

पीक उभे असताना पुढील काळजी घ्या :

१) पाणी हलके, पण कमी अंतराने द्या.
२) भर वेळेवर लावा. वरंब्यावर उसाचे पाचट पसरल्यास माती थंड राहते.
३) भर लावल्यानंतर युरियाचा जादा हप्ता देऊ नका, पालाच माजतो.
४) काढणी सकाळी करा आणि बटाटे लगेच सावलीत हलवा.

खताचा हप्ता चुकला तर काही अंशी भरून काढता येतो. गेलेली थंडी परत येत नाही. तेव्हा दिवाळीच्या सुमारास बेणे रानात गेलेले असू द्या.