शक्तिमान आणि आपली मुले
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



आज आपल्या मंडळाचा वर्धापनदिन. अशा दिवशी शिकल्यासवरल्या बायकांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी ऐकावे, अशी रीत. परंतु आपल्या कार्यवाह ताईंनी आग्रहच धरला की, ‘तुम्हीही या खेपेला चार शब्द बोला.’ मी सातवी शिकलेली बाई. माझ्याजवळ पुस्तकी विद्या थोडी. तेव्हा जे डोळ्यांनी पाहिले आणि मनाशी घोळवले, तेवढेच सांगणार आहे. काही चुकले तर पदरात घ्यावे.

गेल्या काही सभांतून एक तक्रार सारखी ऐकू येते. मुले मोबाइलवर उडणारी, भिंती फोडणारी माणसे बघतात आणि त्यातच गुंग होतात. त्यावर कुणीतरी हमखास म्हणते, ‘आमच्या वेळी बाई असे नव्हते हो!’ भगिनींनो, माझ्या वयाच्या बायकांनी तरी असे म्हणू नये. आमच्या वेळीही होते. त्याचे नाव ‘शक्तिमान’.

तरुण मुलींसाठी थोडी माहिती सांगते. शक्तिमान ही मालिका 13 सप्टेंबर 1997 रोजी, शनिवारी, दूरदर्शनवर सुरू झाली आणि 2005 सालच्या मार्चपर्यंत चालली. दिग्दर्शक होते दिनकर जानी, आणि शक्तिमानाचे काम करीत होते मुकेश खन्ना. हेच गृहस्थ त्याआधी 1988 ते 1990 या काळात ‘महाभारत’ मालिकेत भीष्म झाले होते. मी बोलणार आहे ते त्या मालिकेच्या पहिल्या वर्ष-दीड वर्षाविषयी, आणि मालिकेपेक्षा ती बघणाऱ्यांविषयी.

मी तेव्हा सोळा-सतरा वर्षांची. सातवीनंतर शाळा सुटली होती, घरकाम आणि धाकट्या भावंडांना सांभाळणे एवढेच काम. आमच्या आळीत रंगीत टीव्ही एकाच घरी. तिथे पंधरा-वीस मुले, दोन-चार आज्या आणि दाराशी आम्ही पोरी, असा आमचा दरबार भरायचा.

पहिल्या आठवड्यांत मोठ्या माणसांना हसूच आले. पितामह भीष्मांना अंगाबरोबर बसणाऱ्या तांबड्या पोशाखात बघायचे म्हणजे काय! आणि गंमत अशी की, मालिकेतला दुष्ट तमराज किलविष झाले होते सुरेंद्र पाल, ते महाभारतात द्रोणाचार्य होते. आमच्या आळीतल्या एक आजीबाई मोठ्या मार्मिक. त्या म्हणाल्या, ‘कलियुगच गं बाई! तिकडे भीष्म नि द्रोण एका बाजूने लढले, आता एकमेकांवरच उठले.’ सगळे घर हसले.

मुले मात्र हसत नव्हती. त्यांना पहिल्या दिवसापासून ते सारे खरेच वाटले. आधी त्यांना आवडला गंगाधर. दात पुढे आलेला, जाड चष्म्याचा, वर्तमानपत्रासाठी फोटो काढणारा, ज्याला कुणीही हसावे असा माणूस. तोच आतून शक्तिमान आहे हे फक्त बघणाऱ्याला ठाऊक. ज्या मुलांना शाळेत चिडवतात, त्यांना यात किती सुख वाटत असेल याचा विचार करा. आमच्या आळीतला एक चष्मेवाला मुलगा त्या दिवसांत ताठ मानेने चालू लागला, हे मी स्वतः पाहिले आहे.

पुढच्या आठवड्यांत गिरक्यांची साथ आली. शक्तिमान एक हात वर करून गरगर फिरे आणि आकाशात जाई. अंगणात, ओसरीवर, शाळेच्या आवारात जिकडे पाहावे तिकडे मुले फिरताहेत, भोवळ येऊन पडताहेत आणि उठून पुन्हा फिरताहेत. संध्याकाळी वीज गेली की सगळी आळी ओरडे, ‘किलविष आला!’ कारण अंधार कायम राहो, हीच त्या किलविषाची घोषणा. हिंदीचा गंध नसलेली पोरे धडाधड हिंदी बोलू लागली आणि आज्यांना मराठीत अर्थ सांगू लागली. शनिवारी शाळा असे, त्यामुळे मुलांचा जीव वर्गात लागेना. पुढे मालिका रविवारी दुपारी दाखवू लागले, तेव्हा कुठे मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

आज्यांनाही मालिका हळूहळू पटली. परदेशातला सुपरमॅन दुसऱ्या ग्रहावरून शक्ती घेऊनच आला. आपला शक्तिमान तसा नव्हता. त्याला ती योगाने, तपाने, पंचमहाभूतांच्या कृपेने मिळाली होती. ‘बसल्या जागी काही मिळत नाही, तप करावे लागते,’ असे आज्या मुलांना बजावीत. मुले दोन मिनिटे पद्मासन घालीत आणि लगेच विचारीत, ‘आता उडू का?’

आम्हा मुलींची नजर होती गीता विश्वासवर. ती वर्तमानपत्राची वार्ताहर. हातात लेखणी, एकटी हिंडणारी, कुणालाही प्रश्न विचारणारी. सुरुवातीला ते काम किटू गिडवानी करीत, नंतर वैष्णवी महंत आल्या. ज्या दिवशी चेहरा बदलला त्या दिवशी आमच्यात केवढी हळहळ! आठ दिवस तोच विषय. मुलगे उडण्याची स्वप्ने बघत होते आणि शाळा सुटलेल्या आम्ही पोरी, कुणी आपल्यालाही वही-पेन देऊन बाहेर पाठवील का, याची. कोणाचे स्वप्न अधिक अवघड होते ते तुम्हीच ठरवा.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. मालिकेच्या शेवटी ‘छोटी छोटी मगर मोटी बातें’ नावाचा एक लहानसा भाग असे. एखादे मूल चूक करी, शक्तिमान त्याला समजावी आणि मूल त्याची क्षमा मागे. हा भाग आयांना फार आवडला. घरोघर त्याचा उपयोग सुरू झाला. ‘दूध पी, नाहीतर शक्तिमान रागावेल.’ ‘नखे काप, तो बघतो आहे.’ ‘खोटे बोललास तर त्याला कळेल.’ आणि मुले ऐकत होती हो! जे काम धपाट्याने होत नव्हते ते या एका नावाने होऊ लागले.

पण भगिनींनो, मूल हे मोठ्या माणसापेक्षा सरळ हिशोबाचे असते. जो मला दूध पिताना बघतो, तो मी पडताना बघणारच. जो नखे वाढली म्हणून रागावतो, तो मी संकटात सापडलो तर धावून येणारच. आपण आपल्या सोयीपुरते त्याला खरे केले. मुलाने त्याला पुरतेच खरे मानले. यात मुलाचे काय चुकले?

त्या काळात वर्तमानपत्रांतून बातम्या येऊ लागल्या की, शक्तिमान वाचवायला येईल या भरवशावर मुलांनी उंचावरून उड्या घेतल्या, कुणी स्वतःला पेटवून घेतले. या बातम्या खऱ्या नाहीत असे मुकेश खन्ना यांचे म्हणणे होते. तो वाद मी इथे उकरीत नाही. पण मुलांनी आपली नक्कल करू नये, हे त्यांना पडद्यावरून सांगावे लागले, एवढे खरे.

आमच्या आळीतली गोष्ट मात्र मला ठाऊक आहे. सात वर्षांचा एक मुलगा गळ्याला आईची ओढणी बांधून पाण्याच्या टाकीवर चढला. खाली मुले जमली होती. त्याने हात वर केला, नाव घेतले आणि उडी टाकली. देवाची कृपा म्हणून खाली वाळूचा ढीग होता. हातावर निभावले. हात मोडला आणि दीड महिना प्लॅस्टर राहिले.

त्याची आई रडरडून अर्धी झाली. वडील म्हणाले, ‘टीव्ही बंद!’ शेजारी म्हणाले, ‘पोरगा मुळातच वांड.’ मुलगा मात्र हाताच्या दुखण्याने रडत नव्हता. तो पुन्हा पुन्हा एकच विचारीत होता, ‘तो आला का नाही? मी तर दूध पीत होतो.’ या प्रश्नाला आळीत कुणाकडेच उत्तर नव्हते.

उत्तर दिले त्या मार्मिक आजीबाईंनीच. त्या त्याच्या उशाशी बसल्या आणि गोष्ट सांगू लागल्या. मारुतीराया जन्मला. उगवता सूर्य पाहून त्याला वाटले, हे लाल फळच आहे, म्हणून त्याने उडी घेतली. इथवर सगळ्या मुलांना ठाऊक असते. पण आजी थांबल्या नाहीत. इंद्राने वज्र मारले, मारुती खाली पडला, हनुवटीला लागले. म्हणून तर नाव पडले हनुमान. मुलगा उठून बसला. ‘मारुती पडला? त्याला लागलं?’ ‘लागलं तर! आणि तो तर वाऱ्याचा मुलगा. तुझा बाप एसटीत कंडक्टर. तुला नाही का लागणार?’ तो मुलगा पडल्यापासून पहिल्यांदा हसला. मग विचारू लागला, मारुतीची आई रडली का, औषध कुणी लावले, दुसऱ्या दिवशी तो पुन्हा उडाला का. आजींनी तासभर एकेक प्रश्नाचे उत्तर दिले.

मी दाराशी उभी राहून ऐकत होते. तेव्हापासून एक गोष्ट मनात बसली, ती आज सांगते. उडणाऱ्या वीरांच्या गोष्टी आपल्या देशात काही नव्या नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या मुले मारुतीची गोष्ट ऐकत आली. पण ती गोष्ट सांगणारे माणूस मुलाच्या शेजारी बसलेले असे. मुलाचा डोळा कुठे चमकला, त्याला काय खरे वाटले, हे त्या माणसाला दिसे. प्रश्न आला की गोष्ट थांबे. पडद्यावरची गोष्ट थांबत नाही आणि तिला मूल दिसत नाही. तेव्हा ते थांबण्याचे आणि बघण्याचे काम घरातल्या कुणीतरी करायला हवे.

2020 च्या टाळेबंदीत दूरदर्शनने शक्तिमान पुन्हा दाखविला. त्या वेळी माझा धाकटा मुलगा आठ वर्षांचा होता. मी मुद्दाम त्याच्याजवळ बसून बघितले. माझ्या डोळ्यांत पाणी आले आणि तो पोट धरधरून हसला! ‘आई, हे तर किती खोटं दिसतं!’ मला क्षणभर वाईट वाटले, पण मी विचारले, ‘मग तू मोबाइलवर बघतोस ते खरं का रे?’ तो गप्प झाला. नंतर म्हणाला, ‘ते खरं वाटतं.’ आम्ही दोघांनी बसून एक फिल्म शोधली. निळ्या-हिरव्या पडद्यापुढे नट उभा करतात, दोऱ्यांनी टांगतात आणि मागे आकाश नंतर घालतात, ते त्यात दाखविले होते. त्याला त्या युक्तीचेच इतके वेड लागले की, उडण्याचे बाजूलाच राहिले.

भगिनींनो, आमच्या वेळी वीस मुले एका घरात बसत, म्हणून त्यांना काय वाटते आहे ते साऱ्या आळीला दिसत होते. गिरक्या दिसत होत्या, ओढणी दिसत होती. आज मूल कानात यंत्र घालून कोपऱ्यात एकटे बघते. ते हसले का, भ्याले का, त्याने मनाशी कोणती उडी योजली आहे, काहीच दिसत नाही. मला काळजी वाटते ती याची. उडणाऱ्या माणसाची नाही.

टीव्ही बंद, मोबाइल बंद, हे मी सांगणार नाही. त्या चष्मेवाल्या मुलाला मान ताठ करायला गंगाधराने शिकवले, हे मी विसरलेले नाही. मला तीनच गोष्टी सुचवायच्या आहेत. पहिली, मूल जे बघते ते आठवड्यातून एकदा तरी त्याच्या शेजारी बसून बघा. हातात निवडायला भाजी असली तरी चालेल. दुसरी, बघून झाल्यावर त्याला बोलू द्या. आपण उपदेश करू नये, त्यानेच गोष्ट सांगावी. कुठे ते खऱ्याखोट्यात अडकले आहे, ते आपोआप कळते. आणि तिसरी, दूध पाजण्यासाठी कोणत्याही वीराचे नाव घेऊ नका. दूध आईच्या शब्दावर पिऊ दे. वीराला गोष्टीतच राहू दे. म्हणजे टाकीवर चढताना मूल त्याची वाट बघणार नाही.

आपल्या मंडळात सुट्टीच्या दिवसांत दुपारी मुलांना जमवून त्यांच्याकडूनच त्यांच्या मालिकांच्या गोष्टी ऐकाव्या, अशी माझी सूचना आहे. खर्च काही नाही. चणे-कुरमुरे मी आणीन.