शिखरावरचं लाकडी घर आणि आपली गच्ची
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



सेक्रेटरी म्हणाले, दहा मिनिटं बोला, पण गच्चीवरच्या शेडबद्दल बोला. सर्वसाधारण सभेत तो विषय येणारच आहे. त्याआधी एका जुन्या इमारतीची हकीकत ऐका.

फ्रान्समध्ये माँ ब्लाँ नावाचं शिखर आहे, उंची सुमारे ४,८०० मीटर. त्याच्या माथ्यावर वेधशाळा बांधायचं ज्यूल जान्सेन या खगोलशास्त्रज्ञांनी मनावर घेतलं. हेच गृहस्थ १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी आपल्याकडे गुंटूरला येऊन गेले होते. पाया घ्यायला बर्फात बोगदा खणला, तर खडकच लागेना. दुसऱ्या कोणी नाद सोडला असता. यांनी बर्फावरच लाकडी इमारत ठेवायची ठरवली! आधी एक लहानशी खोली हिवाळाभर वर ठेवून पाहिली. मग पॅरिसजवळ म्यूदों इथे इमारत तयार केली, ती सुटी केली आणि हमालांच्या पाठीवरून वर नेली. १८९३ मध्ये ती माथ्यावर उभी राहिली. खाली रुंद, वर निमुळती, भिंती तिरप्या, म्हणजे वारा घासून निघून जावा. खालचा मजला बर्फात पुरलेला. इमारत कलली तर सरळ करायला जॅक. तरी बर्फानं तिला हळूहळू गिळलंच, १९०९ मध्ये काढावी लागली. सोळा वर्षं! मला हे कमी वाटत नाही.

आपल्या शहापुरात बर्फ नाही, पण मे महिन्यातलं वावधन आहे. वारा शेडला नुसता ढकलत नाही, वर उचलतो. मागे पत्रे उडाले ते असेच. खाली कोणी नव्हतं हे नशीब. आणि स्लॅबला भोकं पाडून खांब रोवले की गळती आलीच, वरच्या मजल्यावरच्या वहिनींना विचारा.

म्हणून माझं म्हणणं असं : खांब सागवानाचे, सांधे नट-बोल्टचे. खांबाचं बूड लोखंडी बुटात, स्लॅबपासून चार बोटं वर, म्हणजे पाणी साचून लाकूड कुजणार नाही. पकड स्लॅबवर नको, इमारतीच्या कॉलमवर घ्यावी, आणि तीही इंजिनिअरला दाखवून. प्रत्येक तुकड्यावर नंबर टाकायचा. गच्चीचं वॉटरप्रूफिंग काही वर्षांनी करावंच लागतं, तेव्हा शेड खोलून बाजूला ठेवता आली पाहिजे. खर्च पत्र्याच्या शेडपेक्षा जास्त येईल, हे लपवत नाही. जुन्या घरांचं उतरवलेलं सागवान मिळालं तर थोडा कमी होईल.

नकाशा ऑफिसात ठेवलाय. सभेआधी बघून घ्या. शंका असेल तर संध्याकाळी मी खाली बाकावर असतोच.