सांधेदुखीची गोळी
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत वाचलेले भाषण)



"या वेळी आरोग्यावर तुम्ही बोला," असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. डॉक्टरकीतले मला काय कळणार? पण २०२४ च्या श्रावणात आमच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या हे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. त्या कशाने आजारी पडल्या हे मात्र मी कुणाला धड सांगितले नव्हते. सांगायला लाज वाटत होती. आज सांगते.

सासूबाई सत्तरी ओलांडलेल्या. गुडघे कित्येक वर्षांचे दुखरे. २०२१ साली डॉक्टरांनी त्यांना डायक्लोफिनॅकच्या गोळ्या पाच दिवसांपुरत्या लिहून दिल्या. गोळी घेतली की तासाभरात सासूबाई उठून भाकऱ्या थापायला बसत. मला वाटले, गोळी मोठी गुणाची आहे. ती चिठ्ठी मी देवघराच्या खणात जपून ठेवली, आणि पाच दिवसांची चिठ्ठी तीन वर्षे चालवली. दुकानदाराने तारीख पाहिली नाही, आणि मीही ती कधी दाखवली नाही.

त्यात आमच्या वन्संनी मुंबईहून दुसऱ्या नावाची गोळी आणून दिली. "वहिनी, ही जास्त लागू पडते," म्हणाल्या. झाले! सकाळी घरची आणि रात्री मुंबईची, असा क्रम सुरू झाला. दोन्ही पाकिटांच्या मागे बारीक अक्षरांत एकाच औषधाचे नाव छापलेले होते. ते आम्ही कुणी वाचले नाही.

श्रावणी सोमवारी सासूबाई दिवसभर काही खात नसत. सकाळचा कपभर चहा आणि त्याबरोबर गोळी. तिसरा सोमवार नारळी पौर्णिमेचा होता. वन्सं राखीसाठी आल्या होत्या, मी नारळीभाताची तयारी करीत होते, तोच न्हाणीघरात काहीतरी आपटल्याचा आवाज झाला. पाहिले तर सासूबाई पडलेल्या, चेहरा पांढराफटक.

इस्पितळात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "शौचाला काळे होत होते का?" सासूबाई गप्प. डॉक्टर बाजूला झाल्यावर त्यांनी मला जवळ ओढले आणि कानात म्हणाल्या, "अगं, आठ दिवस झाले, डांबरासारखे होते आहे. असले कुणाला सांगायचे असते का?" भगिनींनो, हे वाक्य मी मुद्दाम सभेत उच्चारते आहे. आपण बायका लाजेपायी कितीतरी दुखणी पोटात ठेवतो. जठराला व्रण पडून आतल्या आत रक्त झिरपत होते. दोन पिशव्या रक्त द्यावे लागले. मूत्रपिंडाचे कामही मंदावले होते. ते पुढे सलाइनने आणि गोळ्या बंद केल्याने सावरले, ही देवाची कृपा.

"पोटात कधी दुखले नाही, मग व्रण कसा?" असे मी डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, पुष्कळांना आधी काहीच दुखत नाही, एकदम रक्तच जाते. मग त्यांनी मला समजावून दिले ते असे. आपल्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. सांध्याला सूज आणि ठणका आणण्यात त्यांचा हात असतो. पण तीच द्रव्ये जठराचे अस्तर आम्लापासून राखतात आणि मूत्रपिंडाकडे रक्त नीट वाहते ठेवतात. गोळी ही द्रव्ये तयारच होऊ देत नाही. जॉन व्हेन या शास्त्रज्ञाने १९७१ साली लंडनमध्ये हे दाखवून दिले आणि १९८२ साली त्याला नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. एका बिऱ्हाडाचा नळ गळतो म्हणून अख्ख्या वाड्याचे पाणी बंद करावे, तशातला हा प्रकार. गुडघ्याला बरे वाटते, पण पोट आणि मूत्रपिंड कोरडे पडतात.

"जेवून घेतली की काही होत नाही," असे आपण एकमेकींना सांगतो. ते अर्धेच खरे. गोळी जेवणानंतर घ्यावी हे बरोबर, पण औषध रक्तात मिसळून जठरापर्यंत पोचतेच. इंजेक्शन घेतले तरी पोचते. म्हणून वय पासष्टीच्या पुढे असेल, पूर्वी कधी अल्सर झाला असेल किंवा हृदयासाठी अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी चालू असेल, तर डॉक्टर जोडीला पोट सांभाळणारे ओमेप्राझोल किंवा पँटोप्राझोल देतात. ते मात्र जेवणाआधी घ्यायचे.

आता ब्लडप्रेशरचे. ही मला सर्वांत मोठी गोष्ट वाटते, कारण आपल्या मंडळातल्या निम्म्या जणींना त्याची गोळी आहे. दुखण्याच्या गोळीने रक्तदाब चढतो, पायांवर सूज येते. शिवाय ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या, लघवी साफ होण्याची गोळी आणि दुखण्याची गोळी अशा तिन्ही एकत्र आल्या की मूत्रपिंडाची फार ओढाताण होते. त्यात जुलाब-उलट्या झाल्या, किंवा हरतालिकेसारखा निर्जळी उपास घडला, की संपलेच. सासूबाईंना या तिन्ही चालू होत्या. गुडघ्याचे डॉक्टर वेगळे, ब्लडप्रेशरचे वेगळे, आणि दोघांना एकमेकांच्या गोळ्या मी कधी दाखवल्याच नाहीत. वारीला चालत जाणाऱ्या बायकाही रोज सकाळी अशी गोळी घेतात आणि वाटेत लघवीची अडचण नको म्हणून पाणी कमी पितात. त्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावे.

हृदयाचे दुखणे असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज या गोळ्यांना हात लावू नये. रोफेकॉक्सिब नावाचे याच जातीचे औषध पोटाला सोसते म्हणून पुष्कळ खपत होते. हृदयविकाराचा धोका वाढतो असे दिसल्यावर २००४ साली ते बाजारातून काढून घ्यावे लागले.

जाता जाता गिधाडांची गोष्ट सांगते. आपल्या लहानपणी मेलेल्या गुरावर गिधाडांचे थवे उतरत. पुढे ती दिसेनाशी झाली. गुरांना डायक्लोफिनॅक टोचत, ते जनावर मेले की गिधाडे ते खात, आणि मूत्रपिंडे निकामी होऊन मरत. हे उघडकीला आल्यावर २००६ साली सरकारने गुरांसाठी हे औषध बंद केले. माणसाचे शरीर गिधाडाचे नव्हे, हे मलाही कळते. पण हे ऐकल्यापासून गोळी शेंगदाण्यासारखी तोंडात टाकवत नाही.

मग दुखणे सोसत बसायचे काय? मुळीच नाही. सासूबाईंचा गुडघा झिजेचा आहे. आता त्यांना त्याच औषधाचे मलम दिले आहे. ते दुखऱ्या गुडघ्यापुरते लावायचे, रक्तात फार थोडे जाते. लावून झाल्यावर हात धुवायचे, आणि वर शेक द्यायचा नाही. दिवसातून दोनदा खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, पाच अंक मोजेपर्यंत धरायचा, मग खाली. असे दहा वेळा. पहिले आठ दिवस सासूबाईंनी कुरकूर केली, आता मला आठवण करून देतात. मी ओटा सोयीचा करून घेतला, खाली बसून भाकरी थापणे बंद. वजनाचेही आहे: एक किलो उतरले तर चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. हे सासूबाईंपेक्षा माझ्यासाठीच जास्त!

फार ठणकले तर डॉक्टरांनी पॅरासिटॅमॉल किती घ्यायचे ते लिहून दिले आहे. तेही हवे तितके घ्यायचे औषध नव्हे, जास्त झाले तर यकृताला बाधते, आणि सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांत तेच असते. पूर्वीची गोळी सासूबाईंना कायमची बंद. मला स्वतःला कंबरेसाठी क्वचित लागते, तेव्हा डॉक्टरांना विचारून, कमीत कमी ताकदीची, दोन-तीन दिवसच, आणि घेतलेल्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर फुली मारते. फुल्या वाढल्या की दवाखान्यात जायचे.

ज्यांची बोटे सकाळी अर्धा-पाऊण तास आखडलेली राहतात आणि सांधे सुजतात त्यांनी नुसत्या गोळ्यांवर दिवस काढू नयेत. तो आमवात असू शकतो. दुखण्याच्या गोळीने ठणका थांबतो, सांधा खराब व्हायचा थांबत नाही. त्याची औषधे निराळी, आणि ती वेळेत सुरू व्हावी लागतात. दारोदार पुडी विकणाऱ्यांपासूनही दूर राहा. असल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडले आहे. दमा असणाऱ्यांना या गोळीने धाप लागू शकते. आणि बाळंतपणाला आलेल्या लेकीला, विशेषतः पाचव्या महिन्यानंतर, आपल्या डब्यातली गोळी काढून देऊ नका.

येत्या गुरुवारी दुपारी तीन वाजता आपल्या मंडळात डॉक्टरीणबाई येणार आहेत. येताना घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून आणा, ब्लडप्रेशरच्या, साखरेच्या, शेजारणीने दिलेल्यासुद्धा. पाकिटावर डाव्या कडेला तांबडी उभी रेघ असेल तर ती चिठ्ठीशिवाय घ्यायची नसते, एवढे आत्ताच पाहून ठेवा. देवघराच्या खणातली माझी ती जुनी चिठ्ठीही मी त्या दिवशी घेऊन येणार आहे.