अंतहीन खेळ आणि लयीची कसोटी



साहित्य, इतिहास, अर्थकारण आणि अभिजात संगीत या विषयांची ज्या व्यासपीठाला सवय आहे, त्याच व्यासपीठावरून व्हिडिओ गेमविषयी, आणि त्यातही लयीवर आधारलेल्या व्हिडिओ गेममधील एका लहानशा दालनाविषयी बोलण्याची मुभा चालकांनी मला दिली, याबद्दल मी त्यांचा मनःपूर्वक ऋणी आहे. खेळाचा मुख्य भाग उत्तम रीतीने पार पाडणाऱ्यालाच ज्याचे दार उघडते, ज्याला शेवट म्हणून नाहीच, आणि ज्यात खेळणाऱ्याची चूक होईपर्यंत गुणांची मोजणी अखंड चालू राहते, ते हे दालन. तरुण मंडळी त्याला 'एंडलेस मोड' म्हणतात. मी अंतहीन खेळ म्हणेन. मनुष्याच्या लयबोधाची इतकी निर्भेळ परीक्षा दुसऱ्या कोणत्याही करमणुकीत मला आढळलेली नाही, आणि हे माझे म्हणणे मला आज सप्रमाण मांडावयाचे आहे.

या जातीच्या खेळांची पूर्वपीठिका मुख्यतः जपानातील आहे. मासाया मात्सुउरा यांचा 'पाराप्पा द रॅपर' 1996 साली आला, पाठोपाठ कोनामी कंपनीने 1997 मध्ये 'बीटमॅनिया' आणि 1998 मध्ये पायांनी खेळावयाचा 'डान्स डान्स रिव्होल्यूशन' बाजारात आणला, आणि संगीताबरोबर अचूक क्षणी कळ दाबणे किंवा पाऊल टाकणे हाच ज्याचा सारा व्यवहार, असा एक स्वतंत्र वर्ग स्थिर झाला. परंतु माझ्या विषयाचा खरा नमुना म्हणजे 'निन्तेन्दो'ने ऑगस्ट 2006 मध्ये जपानात प्रसिद्ध केलेला 'रिदम तेंगोकू', म्हणजेच पुढे अमेरिकेत 'रिदम हेवन' या नावाने पोचलेली मालिका. तिच्या निर्मितीत त्सुंकू हे प्रख्यात गायक आणि संगीतनिर्माते सहभागी होते, आणि ज्यांना खेळ घडवावयाचा आहे त्यांच्या अंगात आधी लय मुरली पाहिजे अशा आग्रहाने त्यांनी निन्तेन्दोच्या कर्मचाऱ्यांना नृत्याचे धडे घ्यावयास लावले. कार्यालयातील मेजाखुर्च्यांमधून उठून नृत्यवर्गात उभे राहिलेल्या त्या कारागिरांविषयी मला फार आदर वाटतो, कारण त्या शिक्षणाचा परिणाम खेळाच्या प्रत्येक ठोक्यात ऐकू येतो.

या मालिकेच्या पहिल्या तीन आवृत्त्यांतील एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. सामान्य खेळ संपल्यावर तेथे गुणांचा आकडा मिळत नाही. एखाद्या जाणत्या परीक्षकाने द्यावा तसा शब्दांत शेरा मिळतो, की पुन्हा प्रयत्न करा, ठीक आहे, किंवा उत्कृष्ट. उत्कृष्ट शेऱ्याबरोबर एक पदक पदरात पडते, आणि अशी पदके पुरेशी जमली की अंतहीन खेळांची दारे एकामागून एक उघडू लागतात. मग तेथे, आणि केवळ तेथेच, आकडा प्रकट होतो. ज्या खेळाने इतका वेळ संख्येला जवळजवळ मज्जाव केला होता, त्याने शेवट नसलेल्या दालनातच तिला प्रवेश द्यावा, यात मला निर्मात्यांची मोठी विवेकबुद्धी दिसते. ज्या गाण्याला शेवट आहे, त्याचे मोल एकंदर परिणामावरून ठरवता येते, आणि त्यास शब्द पुरतात. ज्याला शेवट नाही, त्याविषयी 'किती काळ टिकलात' एवढा एकच प्रश्न विचारता येतो, आणि त्याचे प्रामाणिक उत्तर आकड्यातच देता येते.

या मालिकेच्या 2011 सालच्या, निन्तेन्दोच्या 'वी' या खेळयंत्रासाठी निघालेल्या आवृत्तीतील 'मिस्टर अपबीट' हा अंतहीन खेळ उदाहरणादाखल घेऊ. एक किरकोळ शरीरयष्टीचा इसम मेट्रोनोमच्या डोलणाऱ्या काट्यापाशी उभा आहे. काटा इकडून तिकडे जातो, टोकाला ठोका वाजतो, आणि दोन ठोक्यांच्या बरोबर मधल्या, रिकाम्या जागी त्या इसमाने पाऊल उचलावयाचे असते. खेळणाऱ्याने दाबावयाची कळ एकच. टप्पा पार पडला की लय वाढते, पुढचा टप्पा पार पडला की आणखी वाढते, आणि एक पाऊल चुकले की हिशेब तेथेच बंद होतो. वर्णन ऐकून हा पोरखेळ वाटेल. परंतु या साध्या रचनेत मानवी मनाच्या एका विलक्षण मर्यादेवर नेमके बोट ठेवले आहे, आणि येथे मला थोडे सविस्तर बोलले पाहिजे.

आपण तालाबरोबर ठेका धरतो तेव्हा ठोका ऐकून मग हात हलवतो, असा सर्वसाधारण समज आहे; तो खरा नाही. आवाज ऐकून बोट हलण्यास सेकंदाचा सुमारे सातवा भाग लागतो. प्रत्येक ठोक्याची अशी वाट पाहणारा माणूस कायम मागेच राहील. प्रयोगशाळांतील निरीक्षण याच्या उलट आहे: समान अंतराने वाजणाऱ्या ठोक्यांबरोबर बोट आपटावयास सांगितले, तर बहुतेकांचे बोट ठोक्याच्या किंचित आधी, सेकंदाच्या काही शतांश भागांनी आधी, पडते. म्हणजे लय ही प्रत्युत्तराची नव्हे, पूर्वज्ञानाची क्रिया आहे. पुढचा क्षण केव्हा येणार हे मन आधीच ठरवते आणि शरीर त्या निर्णयाची अंमलबजावणी करते. ठोक्यांच्या मधली जागा धरावयाची तर हे काम दुप्पट कठीण होते, कारण तेथे आधाराला ध्वनी नसतो, असते ती फक्त मनातली मोजणी. आणि असेही दिसून आले आहे की ठोक्यांची गती सेकंदाला सुमारे दोनच्या पुढे नेली, की सामान्य माणसाचे बोट मधल्या जागेवरून आपोआप घसरते आणि थेट ठोक्यावर जाऊन स्थिर होते. त्याची इच्छा तशी नसते, पुष्कळदा त्याला ते कळतही नाही. तालीम असलेले वादक ही सीमा पुष्कळ पुढे ढकलतात. तबल्याचा रियाज ज्यांनी केला आहे, त्यांना वाढत्या लयीत मात्रांमधली जागा निभावणे म्हणजे काय, हे मी सांगावयास नको.

आता 'मिस्टर अपबीट'ची रचना पुन्हा पाहावी. संथ गतीत जो सहज जमतो, तो मधल्या जागेचा तोल खेळ टप्प्याटप्प्याने त्या घसरणीच्या कड्याकडे नेतो. खेळाला स्वतःचा अंत नाही, हे म्हणणे म्हणूनच अगदी शब्दशः घ्यावे: जो अंत येतो तो यंत्राच्या बाजूने येत नाही, खेळणाऱ्याच्या मेंदूच्या बाजूने येतो. सामान्य व्हिडिओ गेममध्ये अडचण वाढवावयाची म्हणजे शत्रूंची फौज वाढवावयाची. येथे कोणी शत्रू नाही, कोणते शस्त्र नाही, फसवणूकही नाही. वाढते ती फक्त लय. आणि तिलाही निसर्गाने हद्द घातली आहे, कारण ठोक्यांमधले अंतर सेकंदाच्या दहाव्या भागाहून कमी होऊ लागले, की त्यांच्याशी जुळवून पाऊल टाकण्याचा प्रश्नच संपतो.

अंतहीन खेळांचे दार सुरुवातीस बंद का ठेवावे, असा आक्षेप काही सुबुद्ध माणसे घेतात. खेळ विकत घेतला तो सबंध घेतला, मग त्याचा एक भाग कुलपात कशाला, असे त्यांचे म्हणणे. मला हा आक्षेप मान्य नाही. पदके ही येथे निव्वळ शोभेची वस्तू नसून सनद आहे: तुम्हाला ठोका ऐकता येतो, मधली जागा ओळखता येते, याचा तो दाखला. त्या शिक्षणाशिवाय अंतहीन खेळात उतरलेला माणूस पहिल्या टप्प्यावरच बाद होईल, आणि त्याला मिळालेला आकडा त्याच्या लयबोधाविषयी काहीही सांगणार नाही.

मात्र 'अंतहीन' ही पाटी लावलेला प्रत्येक प्रकार मी एका पंक्तीस बसवीत नाही. 'डान्स डान्स रिव्होल्यूशन'च्या घरगुती आवृत्त्यांत गाण्यामागून गाणे येत राहते आणि शक्तीची पट्टी रिकामी होईपर्यंत नाचावयाचे असते; ती कसोटी मुख्यतः दमाची आहे, आणि तीही आदरणीय आहे. अमेरिकेतील हार्मोनिक्स संस्थेच्या 'रॉक बँड 2'मध्ये, 2008 साली, तबकडीवरील सर्व 84 गाणी एका बैठकीत वाजवण्याचा उपक्रम होता, आणि तो न थांबता, न हरता पुरा करणाऱ्यास वेगळा सन्मान मिळे. सहा तासांहून अधिक चालणाऱ्या त्या अनुष्ठानाची जिद्द मला मान्य आहे. पण त्याला शेवट आहे, तो आधीपासून ठाऊक आहे, आणि थकलेला माणूस उरलेली गाणी मोजू शकतो. 'मिस्टर अपबीट' खेळणाऱ्यास मोजण्यासाठी पुढे काहीच शिल्लक नसते.

गेल्या काही वर्षांत फोनवरील कित्येक खेळांनी अंत नसण्याची ही कल्पना उचलली, परंतु तिच्यातील सचोटी मागे ठेवली. चूक झाली की तेथे पडद्यावर प्रश्न येतो: जाहिरात पाहा, अथवा पैसे भरा, आणि जेथे चुकलात तेथूनच पुढे चला. असा आकडा किती लय सांभाळली हे सांगत नाही, किती मोल मोजले हे सांगतो, आणि ज्या मुलाला असा आकडा मिरवण्याची सवय लागली, त्याला स्वतःच्या कानाची खरी मर्यादा कधी कळतच नाही. हे मला मनापासून खुपते.

तेव्हा आपणांस माझी विनंती एवढीच आहे. घरातील मुलाला वा नातवंडाला लयीचा एखादा खेळ घेऊन देण्याचा प्रसंग आला, तर खेळणारा चुकल्यानंतर तो खेळ काय करतो, हे आधी पाहून घ्यावे. जो आकडा दाखवून मुकाट्याने पहिल्या ठोक्यापासून पुन्हा सुरू होतो, तो घ्यावा. आणि जो पुढे जाण्याचे पैसे मागतो, तो घेऊ नये.